‘कायदा करा’ म्हणण्याआधी: विधिमंडळ चालतं कसं आणि विधेयकाचा कागद फिरतो कुठून

एका आमदारांच्या तालुक्याच्या कार्यालयात मी काही वर्षं काम केलं. रोजच्या टपालात दोन-चार अर्ज तरी असे निघायचे, ज्यांचा शेवट ‘तरी याबाबत कडक कायदा करावा, ही नम्र विनंती’ असाच. एकदा बचत गटाच्या वीसेक बायका थेट येऊनच बसल्या. गावातलं देशी दारूचं दुकान हटवायचं होतं आणि त्यासाठी साहेबांनी विधानसभेत कायदा करावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या म्होरक्या मावशींना मी विचारलं, “मावशी, उभी बाटली-आडवी बाटली ऐकलंय का?” ऐकलं होतं, पण ते दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्याचं असेल असा त्यांचा समज.

कायदा होताच. दारूबंदीचा अधिनियम १९४९ चा आणि त्याच्या आधारानं निघालेला २००८ चा आदेश. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की मतदान घ्यायचं. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. म्हणजे मावशींना २८८ आमदारांची गरज नव्हती, गावातल्याच सह्यांची होती.

म्हणून विधिमंडळाची ओळख करून घ्यायची तर सुरुवात इमारतीपासून करू नका, आपल्या मागणीपासून करा.

आधी ठरवा: अधिनियम, नियम की जीआर?

सरकारी कागदाचे तीन मजले धरा. सगळ्यात वर अधिनियम, म्हणजे विधिमंडळानं संमत केलेला कायदा. शिक्षा, कर, कुणाचा हक्क काढून घेणं किंवा देणं, हे इथूनच होतं. मधल्या मजल्यावर नियम, आदेश, अधिसूचना. अधिनियमातल्याच एखाद्या कलमानं सरकारला दिलेल्या अधिकारातून खातं ते काढतं. खाली शासन निर्णय, अर्थात जीआर. योजना, अनुदान, बदल्यांची पद्धत, समित्या नेमणं, असा रोजचा कारभार जीआरवर चालतो. जीआर एका सहीनं निघतो आणि एका सहीनं रद्दही होतो.

लोकसेवा हक्क अधिनियम घ्या, २०१५ चा. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा हक्क आहे, नाही मिळाली तर अपील आहे, एवढं अधिनियमात. पण कोणता दाखला किती दिवसांत, हे खात्यांच्या अधिसूचनांमध्ये. तुमची तक्रार ‘पंधरा दिवस जास्त होतात, सात करा’ अशी असेल तर विधानसभेची पायरी चढायचं कारणच नाही. संबंधित खात्याला नेमक्या अधिसूचनेचा हवाला देऊन लिहा.

दुसरी चाळणी संविधानाच्या सातव्या अनुसूचीची. पोलीस, जमीन, शेती, ग्रामपंचायती-महापालिका, सार्वजनिक आरोग्य, दारू हे विषय राज्यसूचीत. शिक्षण, जंगल, फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचेही, आणि दोन कायद्यांत भांडण लागलं तर सहसा केंद्राचा वर. रेल्वे, बँका, टपाल यांच्यावर विधानसभेत कितीही जोरदार भाषण झालं तरी कायदा दिल्लीतच होणार.

जाता जाता एक. संविधानात असतो तो ‘अनुच्छेद’, अधिनियमात असतं ते ‘कलम’. बोलताना आपण सगळ्यालाच कलम म्हणतो, पण अर्जात ही गल्लत झाली की पलीकडचा बाबू तेवढ्यावरच अर्ज बाजूला सारतो.

घर एक, सभागृहं दोन

महाराष्ट्राचं विधिमंडळ म्हणजे राज्यपाल, विधानसभा आणि विधान परिषद. विधानसभेचे २८८ आमदार आपण थेट निवडतो. परिषदेचे ७८ कुठून येतात हे मात्र भल्याभल्यांना सांगता येत नाही: ३० विधानसभेच्या आमदारांनी निवडलेले, २२ नगरसेवक-जिल्हा परिषद सदस्य वगैरेंनी, ७ पदवीधरांनी, ७ शिक्षकांनी आणि १२ राज्यपालनियुक्त. मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. परिषद कधी विसर्जित होत नाही.

अर्थात कागदावरचे ७८ प्रत्यक्षात असतीलच असं नाही. राज्यपालनियुक्त बारा जागांसाठी २०२० च्या नोव्हेंबरात नावं गेली आणि पुढं काही वर्षं त्या जागा रिकाम्याच होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरात त्यातल्या सात भरल्या. स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडल्यामुळे त्या कोट्यातल्याही बऱ्याच जागा ओस पडल्या.

पदवीधर असाल तर हे लक्षात ठेवा: पदवीधर मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीआधी नव्यानं बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल, असं नाही. फॉर्म १८ पुन्हा भरावा लागतो. दर खेपेला सुशिक्षितांचीच यादी तोकडी का राहते, त्याचं एक कारण हे.

गोव्यातल्या वाचकांना परिषदेचं हे प्रकरण नाही. पर्वरीला एकच सभागृह, ४० आमदार. परिषद असलेली राज्यं देशात सहाच.

विधानसभेचं आसन सांभाळतात ते अध्यक्ष, परिषदेचं सभापती. खाली उपाध्यक्ष आणि उपसभापती, आणि गरजेला तालिकेवरचे, म्हणजे तात्पुरतं आसन सांभाळायला नेमलेल्या यादीतले, सदस्य. ही पदं शोभेची नाहीत. प्रश्न स्वीकारणं, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावणं, विधेयक धन विधेयक, म्हणजे फक्त कर आणि सरकारी पैशाचं, आहे का हे ठरवणं (हे मात्र अध्यक्षांचंच), पक्षांतराच्या याचिकांवर निकाल देणं, हे सगळं या खुर्चीकडं. तरीही परिषदेचं सभापतिपद जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामं होतं आणि उपसभापतींनी कारभार रेटला.

मुख्यमंत्री धरून मंत्री जास्तीत जास्त ४३. एकूण आमदारांच्या पंधरा टक्के, ही मर्यादा २००३ च्या घटनादुरुस्तीनं घातली. बाकीचे सगळे, सत्तेच्या बाकावरचे असोत की समोरचे, नियमांच्या भाषेत ‘अशासकीय सदस्य’. हा शब्द पुढं लागेल.

आणि विधान भवन म्हणजे मंत्रालय नव्हे. दोन्ही नरिमन पॉइंटच्या त्याच पट्ट्यात, चालत दहा मिनिटांवर, पण मालक वेगळे. मंत्रालय सरकारचं. विधान भवनाचा कारभार विधानमंडळ सचिवालयाचा, आणि ते सरकारच्या कुठल्या खात्याखाली येत नाही. विधेयकाची प्रत, कार्यवाहीचा वृत्तान्त, समितीच्या बैठकीची तारीख मंत्रालयात मागत बसलात तर दिवस फुकट जाईल.

अधिवेशनांची गाठ आधी बांधा

दोन बैठकांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, हा संविधानाचा दंडक. आपल्याकडं वर्षाला तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरची प्रथा १९५३ च्या नागपूर करारातली. विदर्भ महाराष्ट्रात यायचा तर वर्षातून एक अधिवेशन तिथं भरलं पाहिजे, ही अट.

नागपूरचं अधिवेशन अनेकदा दोन आठवड्यांचंही नसतं, तरी सामान्य माणसाला तेच जास्त उपयोगी, असं माझं मत. मुंबईत मंत्री आपापल्या बंगल्यांवर पांगलेले असतात. नागपुरात सगळं सरकार रविभवन, आमदार निवास आणि विधान भवन अशा एका टापूत सापडतं. यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे अडवले की शिष्टमंडळाला आत बोलावतात आणि मंत्री निवेदन घेतात. हुरड्याच्या आमंत्रणांतून वेळ काढून घेतात, पण घेतात.

दिवस सुरू होतो प्रश्नोत्तरांनी. तारांकित प्रश्नाला मंत्री उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर फक्त छापील. त्यानंतर कागदपत्रं पटलावर, लक्षवेधी सूचना, औचित्याचे मुद्दे, मग विधेयकं. कुठला विषय कधी आणि किती वेळ, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. गणसंख्या, म्हणजे कामकाजाला किमान हजर हवेत तेवढे सदस्य, विधानसभेत २९, परिषदेत १०. रात्री उशिरा चर्चा चालू असताना गॅलरीतून डोकी मोजून बघा, मग कळेल की गणसंख्येचा मुद्दा कुणी काढला तरच ती नसते.

आमदाराला विषय द्यायचा तो अधिवेशन सुरू झाल्यावर नव्हे. तारांकित प्रश्न कित्येक दिवस आधी द्यावे लागतात. आमच्या कार्यालयात अधिवेशन चालू असताना येणारे ‘उद्याच प्रश्न विचारा’ वाले फोन मी नम्रपणे पुढच्या अधिवेशनाच्या फायलीत टाकायचो. लक्षवेधी त्या मानानं पटकन लागू शकते, पण तिला एक पान पुरतं: काय घडलं, कुठं, केव्हा, कोणत्या खात्याचं, आणि सरकारनं नेमकं काय करावं. पाच पानांचं निवेदन पीएसुद्धा वाचत नाही. हे पीए म्हणूनच सांगतोय.

मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘दोन महिन्यांत निर्णय घेऊ’ म्हणाला की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि ते पाळलं का हे बघायला आश्वासन समिती असते. त्या दिवसाच्या कार्यवाहीतलं ते वाक्य तारखेसह कापून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच्याइतका कामाचा कागद नाही.

विधेयक जन्मतं मंत्रालयात

सभागृहात दिसतो तो प्रवासाचा उत्तरार्ध. पूर्वार्ध असा: खातं प्रस्ताव तयार करतं, वित्त आणि विधी व न्याय विभागाचं मत घेतं, मंत्रिमंडळासमोर टिपणी जाते. तत्त्वतः मान्यता मिळाली की विधी व न्याय विभाग मसुदा बांधतो. मसुदा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लागतो. ‘परंतुक’, ‘तरतूद’, ‘तदर्थ’ अशा शब्दांची घडण याच टेबलांवरची. लोक या भाषेला हसतात, पण न्यायालयात एकेका शब्दाचा कीस निघतो तेव्हा ही घट्ट वीणच उपयोगी येते.

अशासकीय सदस्यही विधेयक मांडू शकतो. त्यासाठी शुक्रवारी दुपारचा वेळ राखलेला असतो. ते संमत होणं फार विरळ. बहुतेकदा मंत्री म्हणतो, सरकार याच विषयावर सर्वंकष विधेयक आणणार आहे, सन्माननीय सदस्यांनी मागे घ्यावं. सदस्य मागे घेतात. तरी माझ्या लेखी हा वेळ वाया नाही. त्या अर्ध्या तासात सरकारची भूमिका नोंदीवर येते.

अधिवेशन नसेल आणि घाई असेल तर अध्यादेश. राज्यपाल काढतात तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं, आणि विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचं विधेयक संमत झालं नाही तर तो संपतो.

या सगळ्या पायऱ्या एकाच कायद्यात बघायच्या तर जादूटोणाविरोधी कायदा. २००५ च्या डिसेंबरात विधानसभेनं विधेयक संमत केलं. परिषदेत ते अडकलं. वारकरी संप्रदायातून आणि काही संघटनांकडून विरोध होता, आपल्या श्रद्धेवर आणि उपासनेवर गदा येईल अशी धास्ती होती. २००९ मध्ये विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक मेलं. विधानसभेत प्रलंबित असलेलं, किंवा विधानसभेनं संमत करून परिषदेत पडून असलेलं विधेयक विधानसभेबरोबर व्यपगत होतं, हा अनुच्छेद १९६ चा नियम. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात, या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच अध्यादेश निघाला. मग नागपूर अधिवेशनात १३ डिसेंबरला विधानसभेत आणि १८ डिसेंबरला परिषदेत विधेयक संमत झालं.

आठ वर्षं अडलेलं काम आठवड्याभरात झालं, असं दिसतं. पण मधल्या वर्षांत मसुदा कसा बदलत गेला, ते पाहण्यासारखं आहे.

विधेयक हातात पडलं की वाचायचं कसं

विधेयक पुरःस्थापित झालं, म्हणजे सभागृहात मांडलं गेलं, की त्याची प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते. वाचायला पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. शेवटाकडं जा. तिथं ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं, दीड-दोन पानांत सरळ भाषेत: अडचण काय आणि सरकार काय करू पाहतंय. त्यानंतर वित्तीय ज्ञापन, म्हणजे तिजोरीवर बोजा किती. त्याच्या जवळच, कोणकोणत्या कलमांनी सरकारला नियम करण्याचे अधिकार दिले आहेत त्याचं ज्ञापन. अनुभवानं सांगतो, खरी गोम या तिसऱ्या कागदात असते. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द जितके जास्त, तितका कायदा सभागृहाबाहेर लिहिला जाणार.

मग व्याख्यांचं कलम. मग शिक्षेचं. मग परंतुकं, कारण कलमानं जे दिलं ते ‘परंतु’पासून सुरू होणारा परिच्छेद काढून घेऊ शकतो. आणि अनुसूची.

जादूटोणा कायद्याचं पूर्ण नाव एकदा दमानं वाचा: महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३. एवढ्या लांब नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द कुठंच नाही. श्रद्धा कुठं संपते आणि अंधश्रद्धा कुठं सुरू होते, या वादात कायदा वर्षानुवर्षं रुतला होता. मसुदाकारांनी ती व्याख्या करणंच सोडलं आणि अनुसूचीत बारा कृत्यांची यादी दिली. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडं जाऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं, हे त्यातलं एक. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. आणि कीर्तन, भजन, प्रवचन, यात्रा, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही, असं वेगळं कलम घातलं. वारकऱ्यांचा आक्षेप कुठं विरला असेल तर या कलमात. आंदोलनाची घोषणा शेवटी कायद्याच्या कागदावर कशी उतरते, हे शिकायला दुसरं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सभागृहातली तीन वाचनं

पुरःस्थापनेला मंत्री फक्त परवानगी मागतो. पहिल्या वाचनात ‘विधेयक विचारात घेण्यात यावे’ या प्रस्तावावर तत्त्वाची चर्चा. इथंच विरोधक म्हणतात, समितीकडं पाठवा. दुसऱ्या वाचनात खंडशः विचार, एकेक खंड (विधेयकातलं कलम) मताला. तिसऱ्यात संपूर्ण विधेयक.

तुमच्या कामाचं आहे ते दुसरं वाचन. ‘हे विधेयक शेतकरीविरोधी आहे’ या वाक्यानं एक अक्षरही बदलत नाही. बदलते ती सुधारणा, आणि तिचा साचा ठरलेला आहे: ‘खंड ४, पृष्ठ ३, ओळ १२ मधील “तीस दिवस” या शब्दांऐवजी “नव्वद दिवस” हे शब्द दाखल करण्यात यावेत.’ अशी तयार ओळ आमदाराच्या हातात दिलीत तर तो ती मांडू शकतो. मी पाहिलंय, तयार ओळ असेल तर आळशी आमदारही मांडतो.

मतदान बहुधा आवाजी. पीठासीन अधिकारी म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. लगेच, ‘होयचे बहुमत’. कुणी मतविभागणी मागितली तरच डोकी मोजतात आणि कुणी काय मत दिलं याची नोंद राहते. एरवी तुमच्या आमदारानं त्या दिवशी होय म्हटलं की तोंडच उघडलं नाही, याचा पुरावा कुठंही नसतो. गोंधळात सात-आठ विधेयकं पाऊण तासात संमत झालेली मी गॅलरीतून पाहिली आहेत. त्यातलं एक कशाचं होतं, हे बाहेर आल्यावर आमच्या साहेबांनी मलाच विचारलं.

आमदार पक्षाविरुद्ध का जात नाही? प्रतोदानं, म्हणजे पक्षाच्या आमदारांना शिस्तीत ठेवायला नेमलेल्या सदस्यानं, पक्षादेश (व्हीप) काढला की उलट मतदान केल्यास, किंवा गैरहजर राहिल्यासही, आमदारकीवर गदा येते. ही दहावी अनुसूची, १९८५ ची. प्रतोद नेमका कुणी नेमायचा, यावर २०२२ च्या सत्तांतरानंतर महाराष्ट्राचंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ११ मे २०२३ ला निकाल आला: तो अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळातल्या गटाचा नाही. तेव्हा विधेयकात बदल हवा असेल तर एकट्या आमदाराला कोंडीत पकडून उपयोग नाही. मंत्र्याला पटलं पाहिजे, नाहीतर प्रकरण समितीत गेलं पाहिजे.

समिती: इथं दार खरंच उघडं असतं

दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडं विधेयक गेलं की वर्तमानपत्रांत जाहिरात येते: सूचना व हरकती अमुक तारखेपर्यंत पाठवा. विशेष जनसुरक्षा विधेयकाचं अगदी अलीकडचं उदाहरण आहे. २०२४ च्या हिवाळी अधिवेशनात मांडलं गेलं, संयुक्त समितीकडं गेलं आणि तिच्याकडं बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. समितीनं बदल सुचवले: व्यक्ती आणि संघटना अशी मोघम भाषा होती तिथं कडव्या डाव्या संघटनांचा उल्लेख आला, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास अधिकाऱ्याचा दर्जा वाढला. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत ते संमत झालं. आक्षेप घेणाऱ्यांचं यानं समाधान झालं नाही, आणि ते का झालं नाही हे त्यांनी पुढंही सांगितलं. पण कागदावर जे काही बदललं ते समितीच्या खोलीत बदललं, सभागृहात नव्हे.

सूचना पाठवताना खंडाचा क्रमांक, तुमचा आक्षेप, पर्यायी शब्द आणि एखादं प्रत्यक्ष उदाहरण द्या. एकाच मजकुराची हजार पत्रं पाठवली की ती एक सूचना म्हणून मोजली जाण्याची शक्यता जास्त.

कायम समित्या आणखी बऱ्याच आहेत. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या अहवालावर सचिवांना उभं करते. पंचायत राज समितीचा दौरा लागला की जिल्हा परिषदेत रात्री बारापर्यंत दिवे जळतात. विनंती अर्ज समितीकडं सामान्य नागरिकाचा अर्ज आमदारामार्फत जाऊ शकतो. हा मार्ग फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरं सभागृह, पैसा आणि राज्यपाल

परिषद विधेयक नाकारू शकते, बदल सुचवू शकते किंवा नुसतं बसवून ठेवू शकते, पण तीन महिनेच. मग विधानसभेनं पुन्हा संमत केलं की परिषदेच्या हातात आणखी एक महिना, आणि त्यानंतर ते दोन्ही सभागृहांनी संमत केलं असं मानलं जातं. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नसते. परीक्षेच्या पुस्तकांतही ही चूक दिसते.

धन विधेयक फक्त विधानसभेत मांडतात, परिषदेकडं चौदा दिवस. अर्थसंकल्प मात्र दोन्हीकडं एकाच वेळी वाचला जातो, विधानसभेत अर्थमंत्री आणि परिषदेत राज्यमंत्री. मग खात्यांच्या मागण्या, त्यावर कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव), आणि शेवटी विनियोजन विधेयक. ते संमत झाल्याशिवाय तिजोरीतून रुपया निघत नाही.

परिषद म्हणजे पुनर्वसन केंद्र, असं म्हणण्याची पद्धत आहे. ते पुरतं खोटं नाही. पण १९६० ते १९७८ सभापती असलेले वि. स. पागे आठवा. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी ग्रामीण रोजगाराचा प्रयोग केला. त्यातून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा अधिनियम झाला आणि पुढं २००५ मध्ये देशानं तोच धडा गिरवला. त्या योजनेच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला होता. पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात ना, ते हेच.

दोन्ही सभागृहांनंतर राज्यपाल. ते संमती देतात, धन विधेयक नसेल तर फेरविचारासाठी परत पाठवतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. परत पाठवलेलं विधेयक विधिमंडळानं पुन्हा संमत केलं की संमती रोखता येत नाही. राष्ट्रपतींकडं गेलेल्याला घड्याळ नाही. गोवंश हत्याबंदीची पशु संरक्षण दुरुस्ती १९९५ मध्ये संमत झाली आणि राष्ट्रपतींची सही झाली २०१५ मध्ये. मधल्या काळात किती विधानसभा आल्या आणि गेल्या, पण दोन्ही सभागृहांनी संमत करून सहीसाठी थांबलेलं विधेयक व्यपगत होत नाही.

राजपत्रात आलं, आता?

संमतीनंतर अधिनियम महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध होतो. तो हातात आला की आधी पहिलं कलम बघा. ‘तो तात्काळ अंमलात येईल’ असं आहे, की ‘राज्य शासन अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा दिनांकास’? दुसरं असेल तर कायदा झालाय, पण लागू झालेला नाही. ती अधिसूचना निघेपर्यंत पोलीस ठाण्यात जाऊन भांडू नका. मग नियम निघाले का ते बघा. नियमही विधिमंडळासमोर तीस दिवस ठेवावे लागतात आणि सभागृह ते बदलू शकतं, पण त्या ढिगाकडं कुणी ढुंकून बघत नाही.

मावशींचं सांगायचं राहिलं. सह्या पंचवीस टक्क्यांच्या वर गेल्या, पडताळणी झाली, मतदानाचा दिवस लागला. आलेल्यांपैकी बहुतेकींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. दुकान मात्र राहिलं. ऊसतोडीला गेलेल्या बायका परतल्या नव्हत्या आणि आदेशातला हिशेब आलेल्या मतांचा नाही, एकूण महिला मतदारांचा.

मावशी पुन्हा कार्यालयात आल्या, आदेशाची झेरॉक्स घेऊन. ‘एकूण’ या शब्दाला पेनानं गोल केला होता. हा शब्द कुणी घातला, असं विचारलं. मी सांगितलं, खात्यानं, विधानसभेनं नव्हे. मग त्यांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. त्यात ‘कडक कायदा’ नव्हता. परिच्छेदाचा क्रमांक होता, ओळ होती, आणि पुढं: ‘“एकूण महिला मतदारांपैकी” या शब्दांऐवजी “मतदान केलेल्या महिला मतदारांपैकी” हे शब्द दाखल करण्यात यावेत.’ खाली एकोणीस सह्या आणि चार अंगठे. त्या अर्जाचा आवक क्रमांक मी वहीत लाल शाईनं लिहिला.